रंग, रोजी आणि इमान

मुसलमान घरातला मुलगा चित्रकलेच्या वर्गात बसला आहे, त्या अर्थी त्याने घरी मोठे बंड केले असणार, असे गृहीत धरून माझ्याशी आपल्याकडे बोलले जाते. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी पाठ थोपटतो, एखादे सर 'आता तू मोकळा झालास' असे म्हणतात. गावी गेलो की याच्या अगदी उलट. तिथे मी वाट चुकलेला, शहराने बिघडवलेला असा मुलगा ठरतो. या दोन्ही चित्रांतला माणूस मला ओळखू येत नाही. मी बंडही केलेले नाही आणि मोकळाही झालेलो नाही. मोकळे होण्याची मला इच्छाही नाही. हा विषय वार्षिकात लिहावा असे वाटले याचे कारण एवढेच की, घर, श्रद्धा आणि कला यांचे भांडण ज्या शब्दांत मांडले जाते, ते शब्दच मला खोटे वाटतात. माझ्यासारखी इतरही मुले-मुली या इमारतीत आहेत. सगळीच माझ्या धर्माची नाहीत.

प्रथम घराविषयी. आमचे गाव दाभोळच्या खाडीकडचे. आम्ही कोकणी मुसलमान; घरात बोलतो ती कोकणी बोली मराठीच्याच कुळातली. या किनाऱ्यावरच्या घरांत पुरुष नेहमी बाहेरच असायचा. कुणी जहाजावर, कुणी मुंबईच्या गोदीत, मागच्या पिढ्यांत कुणी रंगूनला तर कुणी थेट केपटाउनला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची दारे उघडली. तेव्हापासून गावच्या तरुणाची वाट ठरूनच गेली. आपण ज्याला स्थलांतर म्हणतो त्याचा हा एक विचित्र प्रकार आहे. अमेरिकेला गेलेला माणूस तिथला होऊ शकतो, त्याची मुले तिथे शिकतात. आखातात आमच्यासारखा कामगार कितीही वर्षे राबला तरी तो तिथला होत नाही. करार संपला की परत. म्हणून तो राहतो तिथे आणि घर बांधतो इथे, आणि त्या घरात महिनाभर पाहुण्यासारखा येऊन जातो. आमच्या वाडीतल्या निम्म्या मोठ्या घरांच्या वरच्या मजल्याला कुलूप असते.

माझे आजोबा कुवेतमध्ये होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. त्या वेळी एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. आजोबा त्यांतले एक. हातात एक पिशवी होती आणि बँकेतले पैसे तिथेच राहिले होते. त्यांनी त्यातून एकच धडा घेतला आणि तो माझ्या वडिलांच्या मनात पक्का रुजवला: माणसाजवळ असे काम हवे की पिशवी गेली तरी ते हातात राहील, आणि कोणत्याही देशात उतरल्या दिवसापासून ते विकता येईल. अब्बा वातानुकूलन यंत्रांचे काम शिकले. आज ते दोह्यात एका मोठ्या इमारतीच्या यंत्रघरात आहेत. उन्हाळा आहे तोवर पोटाला भीती नाही, असे ते म्हणतात.

आता अशा माणसाच्या मुलाने चित्रकलेची पदवी घेतो म्हणून सांगावे! मला हे सांगितलेच पाहिजे की, आमच्या घरात पहिला आक्षेप धर्माचा नव्हता. पहिला प्रश्न होता, "शिकून झाल्यावर महिन्याला किती?" दुसरा, "विझा कुठल्या कामाचा मिळेल?" या दोहोंची उत्तरे मला नीट देता आली नाहीत, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी चाचांनी हदीस काढली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गरीब घराला आपली भीती भीती म्हणून सांगायला लाज वाटते; धर्माच्या भाषेत सांगितली की तिला उंची येते. ब्राह्मण घरात हीच भीती 'आपल्या घराण्याला शोभत नाही' असे म्हणते, शेतकऱ्याच्या घरात 'नाटकी धंदे' म्हणते. शब्द निराळे, हिशेब तोच. आणि हा हिशेब क्षुद्र आहे असे समजण्याचा अधिकार ज्यांच्या घरात दोन पगार येतात त्यांना नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास अंशांच्या उन्हात कुणीतरी पाइप जोडतो आहे, त्या पैशातून माझ्या तैलरंगाच्या नळ्या येतात. त्या नळीतला रंग पॅलेटवर काढताना मी किती काढतो याकडे माझे लक्ष असते. वर्गात यावरून माझी थट्टाही होते. होऊ दे.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा चांगली रेषा काढते. मेंदीचा कोन तिच्या हातात असा चालतो की आमच्या मुक्तहस्तचित्राच्या तासाला तिला आणून बसवावे. तिला आजवर कोणी अडवले नाही. फुले काढ, वेली काढ, लग्नघरात काढ, पैसे मिळाले तर तुझे तू ठेव. मला याचा हेवा वाटत असे. पण हळूहळू उमगले की, तिला कोणी अडवत नाही, कारण तिच्याकडून घर चालवण्याची अपेक्षाच कोणी ठेवलेली नाही. मला विरोध झाला तो मी मोजला जातो म्हणून. ती मोजलीच जात नाही. ज्यांना घरचा विरोध सहन करावा लागतो त्यांनी स्वतःला दुर्दैवी समजण्यापूर्वी आपल्या घरातल्या मुलींकडे एकदा पाहावे.

आता श्रद्धेकडे वळतो. चाचांनी काढलेली हदीस खोटी नव्हती. चित्रे घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी 'जे घडवलेत त्यात आता प्राण घाला' असे सांगितले जाईल आणि त्यांना ते जमणार नाही, अशा आशयाचे वचन आहे. माझ्या नानीची श्रद्धा आहे की घरात सजीवाचे चित्र टांगले असेल तर तिथे फरिश्ते येत नाहीत. म्हणून माझे व्यक्तिचित्रांचे अभ्यास घरी नेले की ते गुंडाळीतच राहतात. ही समजूत अडाणीपणाची आहे असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. मूर्तीपुढे झुकण्याच्या प्रथेविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्माला प्रतिमेविषयी धास्ती वाटणे यात तर्क आहे. मात्र ही बाब एका वाक्यात संपत नाही, आणि माझी तक्रार आहे ती इथे. कुराणात चित्र काढू नका अशी सरळ आज्ञा नाही; चर्चा आहे ती हदीसमध्ये, आणि त्यांवरून विद्वानांत शतकानुशतके मतभेद आहेत. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडे एक चित्रकार पोट कसे भरू म्हणून विचारायला आला, तेव्हा त्यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा मार्ग सांगितला, अशी परंपरा आहे. म्हणजे रोजीचा प्रश्न तेव्हाही होताच! आठव्या शतकाच्या आरंभी दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या भिंतींवर काचेच्या तुकड्यांची चित्रे केली गेली; त्यांत नद्या आहेत, झाडे आहेत, घरे आहेत, माणूस मात्र नाही. १८९९ ते १९०५ या काळात इजिप्तचे मुख्य मुफ्ती असलेले मुहम्मद अब्दुह यांनी, जिथे पूजेचा धोका नाही तिथे चित्रकला ज्ञानाचे साधन आहे, असे मत मांडले. आणि चाचा ज्या विझ्याचा आग्रह धरतात तो छायाचित्र लावल्याशिवाय कुठे मिळतो? मी हे त्यांना विचारले. ते म्हणाले, "ती गरज आहे." मी म्हणालो, "चाचा, मलाही गरज आहे." यावर ते हसले. आमच्याकडे हसणे म्हणजे चर्चा पुढच्या सुट्टीपर्यंत तहकूब.

या साऱ्या वादात मला सर्वांत जवळचे वाटलेले मत एका बादशहाचे आहे. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदवले आहे की, चित्रकाराला ईश्वर ओळखण्याची एक खास वाट लाभलेली आहे, असे अकबराचे म्हणणे होते. कारण तो सजीवाचा एकेक अवयव रेखाटतो आणि शेवटी त्याला कळते की यात प्राण आपण घालू शकत नाही. तिथे त्याला प्राण देणाऱ्याची आठवण होणे भागच असते. आता गंमत पाहा. हदीसमध्ये जी गोष्ट चित्रकाराविरुद्ध उभी आहे, तीच गोष्ट अकबराने त्याच्या बाजूने उभी केली. माणूस प्राण घालू शकत नाही, हे सत्य दोन्हीकडे एकच. मला विचाराल तर वर्गातला माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. समोर एक वृद्ध हमाल बसलेला असतो, तासाचे पैसे घेऊन. त्याच्या डोळ्याखालची सैल कातडी रंगवण्यात माझी सबंध दुपार जाते. रंग जुळतो, प्रकाश जुळतो, आणि तरीही कॅनव्हासवर जे असते ते पाहत नाही. खुर्चीवरचा माणूस मात्र मान न हलवता माझ्याकडे पाहत असतो. त्या क्षणी मला जे वाटते ते नमाजात कधी वाटते, कधी वाटत नाही. हे लिहिताना संकोच होतो, पण 'कला आली म्हणजे धर्म गेला' असे मानणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर माझ्याजवळ नाही.

अशा मानणाऱ्यांविषयी थोडे बोललेच पाहिजे, कारण ते आपले आहेत. आमच्या वर्गात हुसेन आणि रझा ही नावे माझ्या छातीवर बिल्ल्यासारखी लावली जातात. 'बघ, तुमच्यातले किती मोठे झाले!' हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत त्यांनी दिवस काढले. ते थोर होते हे सांगायला माझी गरज नाही. पण फलक रंगवून पोट भरण्याची ती वाटच छपाईच्या फ्लेक्सने बंद केली, हे कोणी सांगत नाही. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. ही बातमी आमच्या घरात कशी ऐकली गेली असेल याची कल्पना करा. त्याच देशात आमच्याकडची माणसे यंत्रघरात उमर घालवतात, आणि त्यांना तो कागद कधी मिळणार नाही. अब्बांनी ही गोष्ट मला सांगितली ती कडवटपणाने नव्हे. त्यांना खरोखर नवल वाटले होते की असा कागद चित्रे काढूनही मिळतो. माझ्या बाजूने बोलणारा तो पहिला युक्तिवाद होता आणि तो चुकीचा होता, कारण हुसेन शतकातून एखादाच. मी तो वापरला नाही.

दुसरे नाव येते हमीद दलवाईंचे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे आमच्याच भागातले. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मराठी लेखक म्हणूनही त्यांचे स्थान मोठे आहे. पण मराठीत लिहिणारा प्रत्येक मुसलमान तरुण एक तर दलवाई असावा नाही तर मौलवी असावा, अशी जी अपेक्षा आहे, तिचे काय करायचे? मधल्या जागेत पुष्कळ माणसे राहतात. ती शुक्रवारी नमाजाला जातात आणि सोमवारी मानवी सांगाड्याची रेखाटने जमा करतात.

माझा खरा आक्षेप मात्र आपल्या अभ्यासक्रमाला आहे. आपल्याकडे कलाशिक्षणाची घडी बसली ती १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले त्या काळात, इंग्रजी अकादमींच्या नमुन्यावर. त्या नमुन्यात मानवाकृती सर्वांत वर, खाली व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, मग वस्तुचित्र; अलंकरण आणि अक्षर अगदी पायाशी. ही उतरंड म्हणजे कलेचा नियम नव्हे. ती एका खंडाची काही शतकांची आवड होती. तरी आपण ती अशी शिकवतो की, मानवाकृतीला जो कचरतो तो कलेलाच कचरतो असे वाटावे. मग माझ्यासारख्यापुढे धर्म की कला असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न इमानाने निर्माण केलेला नाही. तो वेळापत्रकाने निर्माण केला आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आपण सर्वांनी दिल्या आहेत. त्यांत भूमिती व अक्षरलेखनाचा कागद कसा उरकला जातो, आठवून पाहा. कर्कटक घ्या, षटकोन काढा, गुण घ्या, सुटा. आता विजापूरच्या गोलघुमटात जाऊन वर बघा. मुहम्मद आदिलशहाच्या त्या कबरीत चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा होता. कारागिरांनी काय केले? एक चौरस, त्यावर अर्ध्या काटकोनात फिरवलेला दुसरा चौरस. त्यांच्या रेषांवर कमानी उभ्या केल्या, कमानी एकमेकींना छेदल्या, आठ टोकांची चांदणी तयार झाली आणि तिच्यावर घुमट टेकला. परीक्षेत ज्याला आपण कंटाळवाणी रचना म्हणतो ती इथे हजारो मण दगड पेलते आहे. आमच्या दाभोळच्या बंदरावरही आदिलशाही काळातली एक मशीद आहे. लहानपणी तिच्या पायऱ्यांवर बसून मी कमानींच्या रेषा बोटाने हवेत काढत असे. ते माझे पहिले चित्रकलेचे शिक्षण होते, पण ते शिक्षण होते हे मला विजापूरच्या सहलीपर्यंत कुणी सांगितले नाही.

आणि कोणी असे समजू नये की दख्खनच्या मुसलमानांनी केवळ भूमितीच केली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे अहमदनगरच्या निजामशाहीतले सचित्र हस्तलिखित आहे, १५६५ च्या सुमाराचे. फारसी काव्य, हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे. त्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे. संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत फारसी पोथीत येऊन बसला आहे. राणी खुन्झा हुमायूनची आकृती मात्र बहुतेक चित्रांतून नंतर पुसून टाकलेली आहे. ती पुढे सत्तेच्या राजकारणात हरली आणि पुत्राने तिला कैदेत टाकले. पुसण्यामागे धर्मापेक्षा हे राजकारणच असावे असे मला वाटते. प्रतिमा पुसणारे हात नेहमी श्रद्धेचेच असतात असे नाही. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर ही पोथी असताना आपण भारतीय कलेचा इतिहास शिकताना दख्खनला एक तास देतो, तोही परीक्षेपूर्वीच्या घाईत. अजिंठ्याला चार तास मिळतात याचे मला दुःख नाही. दहा मिळावेत.

माझी सूचना साधी आहे. अक्षर आणि भूमिती हे विषय पहिल्या वर्षी उरकून न टाकता शेवटच्या वर्षापर्यंत, मानवाकृतीच्या बरोबरीने निवडता यावेत. ज्याला आकृती काढायची आहे त्याने ती काढावी. मी स्वतःही काढतो आणि काढणार. पण न काढणाऱ्याला दुय्यम समजू नये. यात रोजीचाही विचार आहे. आज संगणकावर आपण सर्वजण ज्या देवनागरीत वाचतो तिच्यामागे र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराचा हात आहे. 'मंगल' हा टंक त्यांचा. अक्षर जाणणाऱ्या माणसाचे काम फ्लेक्सने संपवलेले नाही. देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्या हातात असलेला पदवीधर कुठे कुठे लागेल, याचा विचार माझ्या वडिलांनी माझ्या आधी केला. दोह्यात समुद्रकाठी इस्लामी कलेचे मोठे संग्रहालय आहे, २००८ साली उघडलेले. अब्बा एका शुक्रवारी तिथे गेले, आयुष्यात पहिल्यांदाच संग्रहालयात. रात्री त्यांचा फोन आला. एका पांढऱ्या थाळीवर फक्त एक ओळ अक्षरे आहेत, बाकी सगळी जागा रिकामी सोडली आहे, आणि ती हजार वर्षे जपून ठेवली आहे, हे त्यांना सांगायचे होते. "तुझ्या कॉलेजात हे शिकवतात का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नाही अब्बा, अजून तरी नाही." ते म्हणाले, "मग फी कशाची घेतात?"

सध्या आमच्यात ठरले आहे ते असे. पदवी पूर्ण करायची. तोवर विझ्याचे नाव कोणी काढायचे नाही. त्यानंतर दोन वर्षांत मी माझा खर्च माझा चालवला तर ठीक, नाही तर यंत्रघरात जागा पाहायची. नानीने यात एक कलम वाढवले आहे: गुंडाळ्या तिच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. त्या आता वरच्या कुलूपबंद मजल्यावर आहेत, आणि पावसाळ्यात तिथे ओल येते, म्हणून या दिवाळीत मला पत्र्याची एक पेटी घ्यायची आहे.